बाबांना कोणी विचारलंच नाही : कॅन्सरच्या ट्रायलमध्ये खेड्यातला पेशंट काहून नसतो?

कास्तकार_केळापूर

नमस्कार मंडळी. हे चार वेळा लिहायला घेतलं अन् मिटवलं, आज पूर्ण करतो.

माझे बाबा मागच्या कार्तिकात गेले. गालाचा कॅन्सर. तीस वर्षं खर्रा होता, म्हणजे तंबाखू-सुपारी. आधी तिखट सोसेनासं झालं, मग तोंड उघडणं कमी होत गेलं, शेवटी दोन बोटंही आत जात नव्हती अन् तरी आम्ही दाढ दुखते म्हणून वर्ष काढलं. पांढरकवड्याहून नागपूर दीडशे किलोमीटर, आमचं गाव त्याच्याही आत. म्हणजे ट्रीटमेंटच्या दिवशी पहाटे चारला उठायचं, गाडीवर फाट्यापर्यंत, तिथून एसटी, मग ऑटो, अन् नंबर लागेस्तोवर दुपार. रात्री परत आलो नाही तर बैलांना पाणी कोण पाजणार हे वेगळंच.

वॉर्डात बाबांच्या बाजूच्या खाटेवर नागपूर शहरातलेच एक काका होते, रिटायर्ड. आजार तोच, गालाचाच, स्टेजही जवळपास तीच. त्यांना एका स्टडीत, म्हणजे नवीन उपचार पेशंटवर तपासून बघायच्या ट्रायलमध्ये, घेतलं होतं. त्यांना सिस्टरचा फोन यायचा, रक्ताची तपासणी वेळेवर व्हायची, काही दुखलंखुपलं तर थेट डॉक्टरला लावता येईल असा नंबर होता. मला वाटलं त्यांची कोणाशी ओळख असेल. तीन महिन्यांनी एका ज्युनिअर डॉक्टरला सहज विचारलं तर तो म्हणाला, तुमच्या बाबांना नाही विचारलं कारण तुम्ही लांबून येता, दर आठवड्याला जमणार नाही, मधातच सोडून द्याल. वाईट मनानं नाही म्हणाला तो. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं चांगली होती, फक्त आमच्याबद्दलचा निर्णय आम्हाला न विचारता झाला.

स्टडीत असते तर बाबा वाचले असते असं मी म्हणत नाहीये, हे आधीच सांगतो. ते काकाही पुढे गेलेच. पण घरी येऊन बाबांना सांगितलं तेव्हा ते जे बोलले ते डोक्यातून जात नाही. म्हणाले, "मले इचारलं असतं त मी हो म्हटलं असतं का नाही ते मले बी माहीत नाही. पन इचाराले का पैसे लागत होते?"

माझा मावसभाऊ अमेरिकेत याच लाइनीत आहे, त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला आमच्याकडे हेच भांडण काळ्या लोकांबाबत वर्षानुवर्षं चालू आहे. त्याला इथे लिहायला लावतोय. बाकीच्यांनी पण सांगा, तुमच्या घरात कोणाला ट्रायलबद्दल विचारलं होतं का? कोणी नाही म्हटलं असेल तर काहून म्हटलं? मला खरंच समजून घ्यायचं आहे.

अटलांटातला_वऱ्हाडी

दादा, काकांची आठवण झाली की मला त्यांच्या बांधावरची बोरंच आठवतात. असो, तू सांगितलंस म्हणून लिहितो, लांब होईल.

इकडे काळ्या लोकांची लोकसंख्या साधारण १३-१४ टक्के. मायलोमा नावाचा रक्ताचा कॅन्सर आहे तो काळ्या लोकांमध्ये गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट होतो, पेशंटमध्ये पाचातला एक काळा असतो. पण त्या आजाराच्या नव्या औषधांच्या ट्रायल काढून बघितल्या तर त्यात काळे पेशंट पाच टक्क्यांच्याही आत. म्हणजे ज्यांना आजार जास्त त्यांच्यावर औषध तपासलंच नाही आणि मग तेच औषध त्यांनाच लिहून द्यायचं. बायका आणि अल्पसंख्याक यांना संशोधनात घ्या असा कायदा इकडे १९९३ लाच झालाय. २०२२ च्या डिसेंबरात आणखी एक झाला की मोठ्या ट्रायलच्या कंपनीने कोणत्या गटातले किती लोक घेणार आणि कसे घेणार याचा प्लॅन आधीच द्यायचा. कागदावर खूप आहे, प्रत्यक्षात फार हळू.

आता तुझ्या मुद्द्याचं. इकडे सगळे काय म्हणायचे, की काळे लोक भीतीपोटी नाही म्हणतात. भीतीला कारण आहेच. अलाबामात टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्याने जवळपास सहाशे काळ्या पुरुषांना नुसतं बघत ठेवलं. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता, पेनिसिलीन आलं तरी दिलं नाही आणि त्यांना सांगितलंही नाही. हे कोण विसरेल. पण नंतर लोकांनी आकडे नीट एकत्र केले तेव्हा दिसलं की ज्यांना ट्रायलबद्दल प्रत्यक्ष विचारलं गेलं त्यातले निम्म्याहून जास्त हो म्हणाले आणि काळ्यांचं हो म्हणण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा कमी नव्हतं. अडलं कुठे तर त्याच्या आधीच. निम्म्याहून जास्त पेशंटच्या दवाखान्यात त्यांच्या आजाराची ट्रायलच चालू नव्हती, आणखी पाचातला एक अटीत बसत नव्हता. म्हणजे चारातल्या तिघांपर्यंत प्रश्न पोचलाच नाही.

काका जे बोलले ते इथे लोकांना संशोधन करून कळलं, एवढंच सांगायचं होतं.

जुना_सातबारा

कास्तकार भाऊ, वडिलांबद्दल वाईट वाटलं. पण मी जरा उलटं बोलतो, राग मानू नका.

आपल्या लोकांवर प्रयोग करायला कोणी विचारलं नाही याचं दुःख करायचं का सुटलो म्हणायचं? २००९ मध्ये आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याकडे गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची लस शाळकरी मुलींना दिली, कितीतरी मुली आदिवासी, आश्रमशाळेतल्या अन् वसतिगृहातल्या. संमतीच्या फॉर्मवर आईबापाच्या जागी वॉर्डनच्या सह्या. काही मुली वारल्या, चौकशीत आलं की लसीचा संबंध नव्हता, बरोबर असेल ते, पण २०१० मध्ये काम थांबवावं लागलं आणि २०१३ ला संसदेच्या समितीने संमतीच्या प्रकारावर फार कडक लिहिलं. खम्मम काही परदेशात नाही, चंद्रपूरच्या खाली उतरलं की तेलंगणच लागतो.

मी स्वतः आश्रमशाळेत शिकलोय. वॉर्डन सही करा म्हणाले की आम्ही करायचो, कशावर ते विचारायची पद्धतच नव्हती. म्हणून ट्रायलमध्ये आदिवासी वाढवा असं कोणी म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

पऱ्हाटी

सातबारा दादा, तुमचं म्हणणं खोटं नाही पण माझ्या आईचं ऐका.

आईला स्तनाचा कॅन्सर, आम्ही तिला मुंबईला नेलं. विदर्भ एक्स्प्रेस, कॅन्सरच्या पेशंटला स्लीपरचं तिकीट माफ असतं अन् सोबतच्याला पंचाहत्तर टक्के सूट, हे पण आम्हाला दुसऱ्या खेपेला एका पेशंटच्या मुलाने सांगितलं, तिकीट खिडकीवर कोणी सांगितलं नाही. राहायला दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा मिळाली. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा माणूस, हातात झाडू घेऊन गावोगाव फिरला, अन् त्याच्या नावाच्या इमारतीत अजून देशभरातले कॅन्सरचे पेशंट झोपतात. माझी आई रोज सकाळी तिथे फोटोला हात जोडायची.

तर तिथे आईला विचारलं होतं एका अभ्यासाबद्दल. नीट बसवून अर्धा तास समजावलं, मराठीत. आई तयार झाली. अन् मग रक्ताचा रिपोर्ट आला, हिमोग्लोबिन ८.४. अट होती नऊची का दहाची, एवढं आता नक्की आठवत नाही. बाद. आई म्हणाली जल्मभर एवढंच असंल माझं, याच रक्तावर तीन लेकरं काढली अन् कापूस वेचला. महाराष्ट्रात अर्ध्याहून जास्त बायकांना रक्त कमी आहे हे सरकारी पाहणीच सांगते. मग नऊच्या वरची बाई शोधून शोधून घेतली तर ती आमच्या गावातली कशी असेल? अन् औषध मंजूर झाल्यावर ८.४ वालीलाच देणार ना?

आई आहे अजून, बरी आहे. ते एक सांगायचं राहिलं होतं.

रिसर्च_सिस्टर

मी विदर्भातल्याच एका मोठ्या दवाखान्यात क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर आहे, दवाखाना सांगणार नाही पण काम सांगते. कास्तकार दादांचं वाचून दोन दिवस झोप नीट लागली नाही कारण त्या ज्युनिअर डॉक्टरच्या जागी मी पण असू शकले असते.

कसं होतं सांगते. ओपीडीत दीडशे पेशंट. स्टडीला अमुक इतके लोक अमुक महिन्यात घ्यायचे असतात. पेशंट मधेच यायचा बंद झाला की डेटा वाया जातो, आम्हाला उत्तर द्यावं लागतं. मग नकळत डोळा कोणाकडे जातो, तर जो जवळ राहतो, मोबाइल लागतो, सोबत शिकलेला मुलगा आहे. कोणी ठरवून करत नाही. पण वर्षाच्या शेवटी रजिस्टर बघा, गावांची नावं वाचली की कळतं.

आणि एक गोष्ट बाहेर कोणाला माहीत नसते. आमच्याकडे स्क्रीनिंगची नोंद असते. कोणाला तपासलं, कोण अटीत बसला नाही, कोण नाही म्हणाला, सगळं लिहिलेलं. पऱ्हाटी ताईच्या आईचं नाव अशा नोंदीत कुठेतरी असेल, कारणासकट. पण ज्याच्याकडे कोणी गेलंच नाही त्याची ओळच नसते. कास्तकार दादांचे बाबा कुठल्याही रजिस्टरमध्ये नाहीत. म्हणून वर मीटिंगमध्ये जेव्हा विचारतात ग्रामीण पेशंट का कमी तेव्हा आम्ही म्हणतो ते येत नाहीत, आणि ते खोटं आहे हे सिद्ध करायला कागद नसतो. मला वाटतं पहिलं काम हेच व्हावं, की ज्याला आजारानुसार विचारता आलं असतं पण विचारलं नाही त्याचीही एक ओळ लिहायची, तालुक्यासकट, आणि का नाही विचारलं ते. हे लिहायला लागलं तरच हात थांबेल.

सातबारा दादा, नियमांबद्दल थोडं. २०१९ चे नवीन नियम आहेत औषधांच्या ट्रायलचे. एथिक्स कमिटी, म्हणजे अभ्यासात पेशंटचं हित जपलं जातं का ते बघणारी समिती, लागते, नोंदणी लागते, ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि नुकसानभरपाई. पेशंटला वाचता येत नसेल तर दवाखान्याशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. अगदीच नवीन औषध असेल आणि पेशंट दुबळ्या गटातला असेल तर समजावून सांगतानाचं व्हिडिओ शूटिंग करावं लागतं. कधीही सोडता येतं आणि सोडलं म्हणून नेहमीचा उपचार बंद करता येत नाही. हे सगळीकडे नीट पाळतात असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण आता विचारायचा हक्क आहे.

अजून एक गैरसमज, एका बाजूला साखरेची गोळी देतात असं लोकांना वाटतं. कॅन्सरमध्ये साधारणपणे असं नसतं, एका गटाला आत्ताचा चालू उपचार अन् दुसऱ्याला नवीन, कोणाला कोणता ते कॉम्प्युटर चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवतो. गावात सांगताना मी चिठ्ठीच म्हणते, लगेच समजतं.

आशाताई_झरी

मी आशा आहे झरी जामणी तालुक्यात. माझ्याकडं दोन पोड येतात, कोलाम आदिवासींच्या वस्त्या. वाचून राहिली होती, आता लिवते, चुका झाल्या त समजून घ्या.

माह्या पोडावरची एक बाई, गर्भाशयाचा कॅन्सर निघाला. मोठ्या दवाखान्यात कागद वाचून दाखवला तिले, सोळा पानं. मी सोबत होती. मराठी होती पन ती मराठी माह्या डोक्यावरून गेली त तिच्या का ध्यानात येईल, तिची बोली कोलामी, मराठी बाजारापुरती. "यादृच्छिक" म्हंजे काय हो? डॉक्टरले बी नीट सांगता आलं नाही, सिस्टरनं वर सांगितली ती चिठ्ठीच व्हती ते. ती बाई मान हलवत व्हती. मान हलवली म्हंजे समजलं नसते, आमच्याकडं मोठ्या माणसापुढं मान हलवाच लागते. मी म्हटलं साहेब थांबा, इले घरी जाऊ द्या, नवऱ्याले अन् पोडावरच्या महाजनाले बोलू द्या. ते म्हणे वेळ नाही, आजच सही पाहिजे. ती उठली अन् घरी आली, सही नाही केली. आता त्यायच्या रजिस्टरात लिवलं असंल बाई नाही म्हणे. बाई नाही नव्हती म्हणत, बाई थांबा म्हणत व्हती.

दुसरं, सोंगणीच्या अन् वेचणीच्या दिवसात बलावू नका ना. सोयाबीन दोन आठवड्यात झडून जाते. त्या दिवसात रोजी बुडवून कोण येईल? अन् बाईले अर्धं तिकीट झालं एसटीचं, पन सोबतच्या गड्याले पुरंच लागते.

अटलांटातला_वऱ्हाडी

आशाताई, "थांबा म्हणत होती" हे मी ऑफिसात सांगणार आहे, तुमचं नाव न घेता. इकडे पण हेच, मोठी आजी किंवा चर्चचा पाद्री यांच्याशी बोलल्याशिवाय बरेच जण ठरवत नाहीत, आणि दवाखाना त्याला नकार समजतो.

तुमच्यासारख्या कामाला इकडे एक नाव आहे, पेशंट नॅव्हिगेटर. १९९० मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात हॅरॉल्ड फ्रीमन नावाच्या सर्जनने सुरू केलं. त्याच्याकडे गरीब काळ्या बायका स्तनाची गाठ फार वाढल्यावर यायच्या. त्याने त्याच वस्तीतली माणसं नेमली, जी पेशंटचा हात धरून तपासणी, तारीख, पैसे, कागद सगळ्यातून नेतील. नवीन मशीन नाही काही नाही, माणूस. आता ट्रायलसाठी पण तेच वापरतात.

आणि पैशाचं, गरिबांच्या सरकारी विम्यात ट्रायलमधला नेहमीचा खर्च धरला जावा हा नियम इकडे पण देशभर २०२२ च्या जानेवारीपासून आला. त्याच्या आधी कित्येक राज्यांत गरीब पेशंट आपोआपच बाहेर.

डॉ_ग्रामीण_गडचिरोली

ग्रामीण रुग्णालयात आहे, कॅन्सरचा तज्ज्ञ नाही, पण एक मुद्दा कोणीच काढला नाही म्हणून लिहितो.

सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा जन्मजात आजार. पूर्व विदर्भात आदिवासी समाजात आणि अनुसूचित जातींमध्येही हा जीन भरपूर आहे. कीमो घेतल्यावर पांढऱ्या पेशी पडतात, त्या वाढवायला फिलग्रास्टिमचं इंजेक्शन देतात. त्या इंजेक्शनच्या माहितीपत्रकातच इशारा आहे की सिकलच्या पेशंटला जिवावर बेतणारा क्रायसिस, म्हणजे आजाराचा अचानक झटका, येऊ शकतो. मग असे पेशंट ट्रायलमध्ये टाळले जातात. जोखीम आहे हे मान्य, पण मग सिकल असलेल्या बाईला स्तनाचा कॅन्सर झाला तर तिचा डोस कसा ठरवायचा हे मला कोण सांगणार? ती कोणत्याच अभ्यासात नव्हती. आदिवासी भागात जी-सिक्स-पीडी या लाल पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता पण सापडते, आणि गाठ झपाट्याने विरघळल्यावर यूरिक ॲसिड उतरवायला रासब्युरिकेज देतात ते या लोकांना चालतच नाही. म्हणजे या गोष्टी आमच्यासाठी रोजच्या, पुस्तकात तळटीप.

अमेरिकेतही असंच एक आहे. आफ्रिकी वंशाच्या बऱ्याच धडधाकट लोकांमध्ये न्यूट्रोफिल, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, मुळातच थोड्या कमी असतात, त्यांना त्याचा काही त्रास नसतो. पण ट्रायलची अट गोऱ्यांच्या नॉर्मलवर बेतलेली, साधारण १५०० च्या वर पाहिजे, खाली असलं की हे बाद. पऱ्हाटी ताईंच्या आईसारखंच. आजारी म्हणून बाद नाही, वेगळी म्हणून बाद.

आणि उलट बाजू पण सांगतो. आपण सिकलच्या पेशंटना जी हायड्रॉक्सीयुरिया देतो ती मुळात रक्ताच्या कॅन्सरची गोळी. सिकलमध्ये तिचा उपयोग होतो हे १९९५ च्या अमेरिकेतल्या ट्रायलने दाखवलं, आणि तिकडे सिकलचे पेशंट म्हणजे जवळजवळ सगळे काळे. टस्कीगी उघड होऊन तेव्हा पंचवीस वर्षंही झाली नव्हती आणि तरी ते लोक ट्रायलमध्ये आले. त्यांनी भाग घेतला म्हणून आज माझ्या ओपीडीतली कोरचीची पोर शाळेत जाते. मी हे कोणालाच कधी बोललो नव्हतो, पण गोळीची पट्टी हातात देताना मला हे आठवतं.

जुना_सातबारा

डॉक्टर साहेब, हे माहीत नव्हतं. माझ्या बहिणीची मुलगी हीच गोळी घेते.

तरी एक विचारतो. गोरे, काळे, आशियाई अशा चौकटी भरून नेमकं काय कळतं? आशियाई म्हटलं की जपानी पण आला अन् माझ्या गावातला माडिया पण. आणि जातीनुसार रक्त वेगळं असं कोणी उद्या म्हणायला लागलं तर ते आपल्याला परवडणार आहे का?

डॉ_ग्रामीण_गडचिरोली

नाही परवडणार, आणि ते खरंही नाही. गेफिटिनिबचं उदाहरण बघा, फुप्फुसाच्या कॅन्सरची गोळी. २००५ च्या आसपास मोठ्या ट्रायलमध्ये एकूण पेशंट धरले तर आयुष्य वाढलेलं दिसेना, अमेरिकेत वापरावर मर्यादा आली. पण त्याच ट्रायलमधल्या आशियाई पेशंटना आणि कधीच सिगारेट न ओढलेल्यांना फायदा दिसत होता. नंतर पक्कं झालं की खरा मुद्दा ईजीएफआर नावाच्या जीनमधला बदल, तो आशियात जास्त सापडतो म्हणून तसं दिसलं. आता आपण वंश बघत नाही, जीन तपासतो. पण त्या ट्रायलमध्ये आशियाई लोक नसतेच तर हे सुचायला किती वर्षं गेली असती? माणसं वेगवेगळी घ्यायची ती चौकटी भरायला नाही, आपल्याला काय माहीत नाही ते दिसावं म्हणून.

आणि माझ्या मते आपल्याकडे चौकट वंशाची नसून अंतराची आहे. तालुका, बोली, रोजी, बाई की गडी. हे लिहा.

पऱ्हाटी

आपल्याकडे झालेल्या अभ्यासांचं पण बोला ना. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गावोगाव जाऊन बायकांची गर्भाशयाच्या मुखाची तपासणी झाली, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, ५२ गट पाडले होते. २००९ ला निकाल छापला, हा कॅन्सर करणाऱ्या एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरने मरणाऱ्या बायका जवळपास निम्म्यावर आल्या. खेड्यातल्या मराठी बायका. कोण म्हणतं खेड्यात जमत नाही.

जुना_सातबारा

आणि त्यातल्या ज्या गटाला तपासणी दिली नाही त्याच्यातल्या ६४ बायका त्याच कॅन्सरने गेल्या ताई, एचपीव्ही तपासणीच्या गटातल्या ३४. तपासणी उपयोगी असते हे जगाला माहीत असताना एक गट तसाच का ठेवला यावर नंतर खूप वाद झाला. मी हे भांडायला नाही लिहीत. त्या ६४ जणींचा आकडा पण त्याच दमात सांगत जा एवढंच म्हणणं आहे.

पऱ्हाटी

बरोबर आहे दादा. सांगत जाईन.

रिसर्च_सिस्टर

म्हणूनच तुमच्यासारखे लोक एथिक्स कमिटीत पाहिजेत, खरंच सांगते. नियमाप्रमाणे तिथे एक सामान्य नागरिक लागतो. आश्रमशाळेत शिकलेला माणूस त्या खुर्चीत बसला तर सोळा पानं कोणी "आजच सही" म्हणून पुढे सरकवणार नाही.

कास्तकार दादांच्या बाबांच्या आजाराबद्दल एक सांगते. तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट जगात सगळ्यात जास्त आपल्याकडे, तर प्रश्न पण आपणच सोडवायचे. टाटाच्या डॉक्टरांनी निव्होलुमॅब हे महागडं इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं, औषध फक्त २० मिलिग्रॅम देऊन बघितलं, नेहमीचा डोस २४० चा. डोक्या-मानेच्या कॅन्सरचे पुढच्या स्टेजचे १५१ पेशंट होते. वर्षभराने साध्या गोळ्यांच्या गटात १६ टक्के लोक हयात होते, कमी डोसचं इंजेक्शन जोडलेल्या गटात ४३ टक्के. हा प्रश्न श्रीमंत देशातली कंपनी कशाला विचारेल, कमी औषध विकून तिला काय मिळणार. गरीब पेशंट अभ्यासात असला की प्रश्न बदलतो, माझ्यासाठी सगळ्यात मोठं कारण हे आहे.

आणि जवळच्या जवळ कसं करायचं तर, रक्त तपासणी आणि साधा चेकअप तालुक्याला होऊ शकतो, फक्त इंजेक्शनच्या दिवशी नागपूरला. प्रवासखर्च आणि बुडालेली रोजी देता येते, आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या नियमांत बसतं, एथिक्स कमिटीची मंजुरी घ्यायची. पण स्टडीचं बजेट करतानाच धरावं लागतं, नंतर कोणी देत नाही. मी पुढच्या प्रस्तावात दोन्ही टाकणार आहे, आणि त्या न विचारलेल्यांच्या ओळीचा रकाना पण. होईल का माहीत नाही, टाकणार आहे.

डॉ_ग्रामीण_गडचिरोली

गडचिरोलीत हे आधी झालंय. बंग डॉक्टर दांपत्याचा घरोघरी नवजात बाळाच्या देखभालीचा अभ्यास, ३९ गावं एका बाजूला, ४७ दुसऱ्या बाजूला, १९९९ ला छापला. बाळांचे मृत्यू हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आले. मोजमाप करणाऱ्या आणि बाळ सांभाळणाऱ्या गावातल्याच बायका होत्या, आरोग्यदूत. नागपूरहून कोणी रोज येत नव्हतं. आशाताई आज जी बाळाची गृहभेट करतात त्याचं मूळ तिथे आहे. कॅन्सर वेगळा आजार, मान्य, पण गाव तेच आहे.

आशाताई_झरी

ते माहीत नव्हतं मले, गृहभेटीचं. ट्रेनिंगमधी कोणी सांगितलं नाही.

सिस्टर, माह्या त्या बाईले अजूनबी विचारता येईल का? रेडिएशन चालू आहे तिचं, तब्येत ठीक. तिनं आता मले विचारलं होतं मागच्या आठवड्यात, ते कागदाचं काय झालं म्हणून.

रिसर्च_सिस्टर

ताई, तोच अभ्यास असेल तर उपचार सुरू झाल्यावर बहुतेक घेत नाहीत. पण चालू अभ्यासांची सरकारी नोंदणी असते, सीटीआरआय म्हणतात, कोणालाही फुकट बघता येते, कोणत्या शहरात कोणत्या दवाखान्यात कोणता चालू आहे ते लिहिलेलं असतं. तिचा निदानाचा कागद आणि कितवं रेडिएशन झालं ते मला मेसेजमध्ये कळवा, नाव झाकून फोटो पाठवा. मी शोधते. नसेल तर नाही असं स्पष्ट सांगेन, टांगून नाही ठेवणार.

कास्तकार_केळापूर

एवढं लिहिलंत सगळ्यांनी, मी दोनदा वाचलं, आईला पण वाचून दाखवलं.

मी माझ्यापुरतं ठरवलंय. आमच्या भागातून दर मंगळवारी चार-पाच पेशंट एकाच एसटीनं नागपूरला जातात, फाट्यावर भेटतात. मी त्यांच्यासाठी एका कागदावर प्रश्न लिहितोय, मोठ्या अक्षरात, खिशात बसेल असा. माझ्या आजाराचा इथं काही अभ्यास चालू आहे का. मी त्यात बसतो का, नसेल तर काहून. घरी जाऊन विचारून येऊ का. येण्याजाण्याचे पैसे कोण देईल. मधात सोडलं तर माझा उपचार चालू राहील का. सिस्टर, चुकीचं काही असेल तर दुरुस्त करा. यातला पहिला प्रश्न जरी पेशंटनं विचारला तरी डॉक्टरला उत्तर द्यावं लागेल.

आशाताई, पोडावरच्या लोकांसाठी हा कागद कोलामीत पाहिजे ना?

आशाताई_झरी

कागद नाही चालत भाऊ, वाचते कोण. मोबाइलवर आवाज पाहिजे.

पोडावरचा

पहिल्यांदाच लिहितोय, आतापर्यंत फक्त वाचत होतो. मी कोलाम आहे, मारेगावकडचा, सध्या यवतमाळला नोकरीला. कोलामीत मी बोलून देतो, पण माझी कोलामी शहरात राहून बिघडली आहे, माझी माय चांगली बोलते. दवाखान्याचा संमतीचा फॉर्म पण कोलामीत करता येईल का?

रिसर्च_सिस्टर

फॉर्मचं भाषांतर एथिक्स कमिटीने मंजूर करावं लागतं, आपल्या मनाने नाही करता येत, ते मी आमच्याकडे रीतसर मांडते. दादांच्या प्रश्नांना कोणाची परवानगी लागत नाही, ते आजच करा.

पोडावरचा

मग प्रश्न पाठवा. शनिवारी गावी चाललोय. "अभ्यास" या शब्दाला कोलामीत काय म्हणायचं ते मायला विचारावं लागेल, मला शाळेतला अभ्यासच आठवतोय.

कास्तकार_केळापूर

पाठवले. सहावा एक जोडलाय, सिकल आहे का ते आधीच सांगा म्हणून, डॉक्टर साहेबांचं वाचून. मायनं काय शब्द काढला ते कळवा.